सॅन दिएगोहून फिशिंग बोटीवर जायचंय, आप्पांना घेऊन (माहिती हवी)

गळकरी | ११ जून

नमस्कार मंडळी,

आप्पा (वडील, वय ७१) जुलैअखेर आमच्याकडे सॅन दिएगोला येतायत. सगळी हयात देवगडला गेली. पोस्टात नोकरी, आणि सुट्टी मिळाली की खडपावर गळ घेऊन बसायचं. मागच्या खेपेला इथे आठव्या दिवशीच कंटाळले होते. मग शेल्टर आयलंडच्या धक्क्यावर नेऊन बसवलं (सार्वजनिक धक्क्यावरून गळ टाकायला कॅलिफोर्नियात लायसन लागत नाही, हे तेव्हाच कळलं). तिथून समोर रोज त्या पांढऱ्या बोटी बाहेर पडताना दिसायच्या. "तां खंय जातंत? आपल्याक नेतीत?" हे रोजचं.

तर यंदा न्यायचंच. पण वेबसाइटी बघून डोकं गरगरलं. ओपन पार्टी, लिमिटेड लोड, सिक्स-पॅक, पाऊण दिवस, दीड दिवस... मला स्वतःला मासे फक्त ताटात कळतात. कुणी गेलंय का? खर्च, सामान, म्हाताऱ्या माणसाला झेपेल का, जे माहीत असेल ते लिहा.

एक अट आहे. नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय आप्पा बोटीत पाय ठेवणार नाहीत. इथे पावसाळा नसतो हे सांगून झालं. "समुद्र एकच आसा" असं उत्तर आलं.

---

पॅसिफिक_पांडू | ११ जून

आप्पांची अट झकास आहे, कारण ट्युनाचा खरा हंगाम इथे ऑगस्ट-सप्टेंबरातच रंगात असतो. त्यांना सांगू नका, नाहीतर जिंकल्यासारखं होईल.

मी बारा वर्षं जातोय. लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

आधी 'लँडिंग' म्हणजे काय ते. पॉइंट लोमाला स्कॉट स्ट्रीटच्या आसपास तीन आहेत: एच अँड एम, फिशरमन्स आणि पॉइंट लोमा स्पोर्टफिशिंग. मिशन बेला सीफोर्थ. लँडिंग म्हणजे एसटी स्टँड समजा. तिकीट, लायसन, भाड्याचा रॉड सगळं खिडकीवर मिळतं, पण बोटी बहुधा वेगवेगळ्या मालकांच्या. त्यामुळे 'अमुक लँडिंग चांगलं का' असं विचारण्यात अर्थ नाही. बोट कुठली आणि कॅप्टन कोण, हे विचारायचं.

ओपन पार्टी म्हणजे शेअर रिक्षा. माणशी तिकीट, बोटीवर तीस-चाळीस अनोळखी लोक. लिमिटेड लोड म्हणजे तीच बोट, पण मुद्दाम कमी माणसं घेतलेली. कठड्याला कोपर टेकायला जागा मिळते, पैसे जास्त. प्रायव्हेट चार्टरमध्ये सगळी बोट तुमची, वाढदिवस-कंपनीवाले घेतात. आणि सिक्स-पॅक म्हणजे बिअर नव्हे. कोस्ट गार्डच्या नियमानं, तपासणीचं सर्टिफिकेट नसलेल्या छोट्या बोटीवर पैसे घेऊन जास्तीत जास्त सहाच माणसं नेता येतात. त्यावरून ते नाव. भाडं अख्ख्या बोटीचं असतं, सहा जण असाल तर वाटून घ्यायचं. सातवा माणूस आला की बोट तपासणी झालेलीच हवी. ते सर्टिफिकेट बोटीवर दर्शनी लावलेलं असतं, चढल्यावर नजर टाका.

आता दिवसांचा घोळ. अर्धा दिवस म्हणजे पाच-सहा तास, पॉइंट लोमा किंवा ला होयाच्या केल्पपाशी (म्हणजे समुद्री शेवाळाचं रान). पाऊण दिवस म्हणजे पहाटे निघून संध्याकाळच्या आत परत. बऱ्याचदा कोरोनाडो बेटांकडे, आणि ती बेटं मेक्सिकोची आहेत. ओव्हरनाइट म्हणजे रात्री निघायचं, बंकवर झोपायचं, दुसरा पूर्ण दिवस गळ, रात्रीपर्यंत घरी. आणि 'दीड दिवस' ऐकून लोक दीड दिवस मासे मारायला मिळणार असं समजतात. मिळतो एकच दिवस. पण दोन रात्री बोट चालते म्हणून लांबवर जाता येतं. त्यापुढे आठ, दहा, सोळा दिवसांच्या लाँग रेंज ट्रिपा असतात, त्या आपल्यासाठी नाहीत. रजाच तेवढी नसते.

७१ वय म्हणता, तर आधी अर्धा दिवस न्या. गेल्या मोसमात मी नव्वदच्या आसपास डॉलर दिले, रॉडचं भाडं वेगळं. झेपलं तर मग ओव्हरनाइट.

लायसन: १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला. आप्पांना एक दिवसाचं पुरेल, लँडिंगवरच मिळतं. वर्षाचं काढलंत तर २०२३ पासून ते घेतल्या तारखेपासून ३६५ दिवस चालतं (पूर्वी ३१ डिसेंबरला संपायचं, डिसेंबरात घेणारा गाढव ठरायचा). त्यावर दक्षिण कॅलिफोर्नियात ओशन एन्हान्समेंटचा जादा शिक्का लागतो. एक-दोन दिवसांच्या लायसनवर तो लागत नाही.

---

जर्सीची_जाई | ११ जून

वाचतेय! आमच्याकडे न्यू जर्सीत याच बोटींना 'हेड बोट' म्हणतात, डोक्यामागे पैसे म्हणून. मासे म्हणजे फ्लूक आणि सी बास. आणि बोटीवर लायसनची कटकट नाही. राज्याची फुकट नोंदणी असते, तीही भाड्याच्या बोटीवरच्या गिऱ्हाइकाला माफ. कॅलिफोर्नियावाले श्वास घ्यायचेही पैसे लावतील.

---

पॅसिफिक_पांडू | ११ जून

आमच्या ब्लूफिन ट्युनाची मजा तुमच्या फ्लूकला नाही, जाईताई.

---

जर्सीची_जाई | १२ जून

😏 फ्लूकचं तिखलं खाल्लं नाहीत तुम्ही.

---

धरसोड | १२ जून

मला एक भाबडी शंका आहे. बोट मेक्सिकोच्या पाण्यात गेली तर व्हिसाचं काय? मी एच-वन-बीवर आहे, पासपोर्टातला शिक्का संपलाय. आप्पा तर टुरिस्ट व्हिसावर असतील.

---

पॅसिफिक_पांडू | १२ जून

भाबडी नाही, सगळ्यात महत्त्वाची शंका आहे. मेक्सिकोच्या पाण्यात जाणाऱ्या ट्रिपला प्रत्येकाला वैध पासपोर्ट लागतो आणि मेक्सिकोची परमिटंही लागतात. ती तिकिटात धरली आहेत की वेगळे पैसे, ते खिडकीवर विचारा. व्हिसाचा सल्ला मी देणार नाही, तो वकिलाचा प्रांत. माझा साधा नियम असा: कागदात किंचितही गोम असेल तर 'फक्त यूएस वॉटर्स' असं लिहिलेलीच ट्रिप घ्यायची. सॅन क्लेमेंटे बेट, टॅनर बँक, कोर्टेझ बँक हे सगळं अमेरिकेच्याच पाण्यात आहे आणि ब्लूफिनसाठी मशहूर आहे. फोन करून विचारा, कॅप्टन आयत्या वेळी मासे असतील तिकडे वळतो.

किती मासे ठेवायचे तेही पाणी कुणाचं त्यावर ठरतं. ब्लूफिन आपल्याकडे माणशी दिवसाला २. पूर्वी १० होते, २०१५ मध्ये कमी केले. यलोटेल १०. मेक्सिकोच्या पाण्यात सगळे मिळून १०, त्यातही एका जातीचे ५ पर्यंतच, आणि डोराडो २.

---

खोपोलीकर | १३ जून

माझा अनुभव वाईट आहे, लिहूनच टाकतो. दोन वर्षांपूर्वी एका बोटीवर चार जणांचं बुकिंग केलं. आदल्या संध्याकाळी फोन आला, माणसं कमी भरली म्हणून ट्रिप रद्द. पैसे परत नाहीत, पुढच्या ट्रिपला 'क्रेडिट'. आमच्यातले दोघं त्यासाठी फिनिक्सहून येऊन बसलेले. दुसऱ्यांदा गेलो तर अख्ख्या दिवसात चौघांत मिळून एक मासा. आणि वर टिप मागतात! मासा नाही तर टिप कसली?

---

पॅसिफिक_पांडू | १३ जून

पहिल्या भागाबद्दल सहानुभूती. ओपन पार्टीला ठराविक माणसं भरली तरच बोट निघते. म्हणून पैसे भरण्याआधी एवढंच विचारायचं: ट्रिप नक्की जाणार हे ठरलंय का, आणि न गेल्यास पैसे परत की क्रेडिट. हवामानामुळे रद्द करायचा हक्क कॅप्टनचा, त्यावर वाद नाही.

दुसऱ्या भागावर मात्र भांडतो. तिकीट माशाचं नसतं, कठड्याजवळच्या जागेचं आणि त्या पोरांच्या मेहनतीचं असतं. मासे न लागलेल्या दिवशी डेकहँड जास्त राबतात. गुंता सोडवतात, गळ बदलून देतात, ओकणाऱ्याला पाणी देतात, कॅप्टन चार ठिकाणं जास्त फिरवतो आणि डिझेल त्याचंच जळतं. रिवाज तिकिटाच्या १५ ते २० टक्क्यांचा आहे, शेवटी एकत्र देतात आणि सगळ्या खलाशांत वाटले जातात. लग्न मोडलं म्हणून आचाऱ्याचे पैसे बुडवतो का आपण?

---

खोपोलीकर | १३ जून

लग्न मोडलं तर आचाऱ्यानं जेवण तरी केलेलं असतं 🙂

---

कोनाची_कैरी | १४ जून

हवाईहून थोडं अवांतर. आमच्याकडे कोनाला मार्लिनसाठी चार्टर असतात आणि तिथे मुख्य भूमीवरच्या लोकांना हमखास धक्का बसतो: मासा पकडलात तुम्ही, पण रिवाजानं तो बोटीचा! कॅप्टन बाजारात विकतो, तुम्हाला खाण्यापुरता तुकडा देतो. कुणी जास्त देतं, कुणी नाही. निघण्याआधी विचारलं नाही तर धक्क्यावर रडारड होते. कॅलिफोर्नियात मासा पकडणाऱ्याचाच ना?

---

पॅसिफिक_पांडू | १४ जून

हो, ज्याचा गळ त्याचा मासा. आणि तो विकता येत नाही, शेजाऱ्याला फुकट द्या हवा तर. चढताना तुम्हाला एक नंबर देतात, मासा वर आला की त्याच नंबराचा टॅग त्याच्या गालफडाला ठोकतात आणि तो खाली थंड पाण्याच्या टाकीत जातो. परतताना कापून देतात, बहुतेक बोटींवर त्याचे पैसे वेगळे. ट्युना बोटीवर कापायचा तर सहाच तुकडे ठराविक पद्धतीनं, आणि एका माशाचे तुकडे एका पिशवीत. मासेखात्याच्या वॉर्डनला मोजता यावं म्हणून.

एक जॅकपॉटही असतो. वर्गणी काढायची, सगळ्यात जड मासा ज्याचा त्याला रक्कम.

---

डॉ_माई | १५ जून

मी मासेवाली नाही पण बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांबद्दल लिहिते, कारण कुणीतरी कानामागे लावायचा पॅच सुचवेलच. स्कोपोलामाइनचा तो पॅच वयस्कर पुरुषांना परस्पर लावू नका. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडू शकते, काही प्रकारच्या काचबिंदूत त्रास होतो, आणि या वयात गोंधळल्यासारखंही होतं. मेक्लिझिन वा ड्रामामाइनही त्याच वळणाची औषधं आहेत, सौम्य असली तरी. गळकरी, आप्पांच्या डॉक्टरांना तिकडेच विचारून ठेवा, रक्तदाबाच्या गोळ्यांची यादीही दाखवा.

आणि गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन काही होत नाही, आधी घ्यायची असते. रिकाम्या पोटी जाऊ नये, तुडुंब खाऊनही नाही. आलेपाक जवळ ठेवा, निदान तोंडाला चव राहते.

---

गळकरी | १५ जून

माई, मनापासून आभार. प्रोस्टेटची गोळी चालू आहेच. बरं झालं लिहिलंत.

---

धरसोड | १६ जून

रात्री बंकमध्ये झोपायचं म्हणजे... २०१९ मध्ये सांता बार्बराकडे ती बोट जळाली होती ना? बायको तेच काढून बसलीय.

---

पॅसिफिक_पांडू | १६ जून

बायको बरोबर बोलतेय. 'कन्सेप्शन', २ सप्टेंबर २०१९, सांताक्रूझ बेटापाशी. ती पाणबुड्यांची बोट होती, मासेमारीची नाही, पण बांधणी अशीच: खाली बंक, वर गॅली (स्वयंपाकघर). पहाटे आग लागली, खाली झोपलेले ३३ प्रवासी आणि एक खलाशी, ३४ माणसं गेली. रात्री गस्त घालायला कुणी जागं नव्हतं. त्यानंतर नियम कडक झाले.

मी तेव्हापासून चढल्या चढल्या दोन गोष्टी करतो. बंकरूममधून बाहेर पडायची दुसरी वाट शोधतो आणि ती हातानं उघडून बघतो. आणि रात्री पहाऱ्यावर कोण आहे ते विचारतो. अजून कुणी खेकसलं नाही. फोन बंकमध्ये चार्जिंगला लावून झोपू नका.

---

मालवणी_मसाला | २० जून

अंदमानला गेलोय मी असल्या बोटीवर, तिथे सगळा भर मोठ्या ट्रेव्हलीवर, पकडायची आणि फोटो काढून सोडायची. आमच्या मामानी व्हिडिओ बघून विचारलेलं, "मगे गेलंस कित्याक?"

आप्पांचा वृत्तान्त आल्याशिवाय हा धागा बंद करू नये.

---

गळकरी | १४ सप्टेंबर

धागा वर आणतोय. वृत्तान्त!

पौर्णिमेच्या दिवशी शेल्टर आयलंडला नारळ वाहिला. पुढच्या रविवारी अर्धा दिवस. आप्पांना कॅलिको बास लागला, छान हातभर. डेकहँडनं फूटपट्टीवर ठेवला: साडेतेरा इंच. १४ च्या खालचा ठेवता येत नाही. त्यानं तो पाण्यात सोडला तेव्हा आप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. मग रात्री जेवताना म्हणाले, "हयसर मासो असतलोच. सोडतंत ना."

पॅच नको, गोळी फक्त डॉक्टरांनी सांगितलेली, आणि मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओव्हरनाइट. लिमिटेड लोड, फक्त यूएस वॉटर्स, २२ माणसं. रात्री नऊला चढलो. आमचा नंबर १४ आणि १५. पांडूभाऊ, दुसरी वाट उघडून बघितली, आप्पांनाही चढून बघायला लावली.

बाहेर पडण्याआधी बोट खाडीतच एका तरंगत्या पिंजऱ्यापाशी थांबली. तिथे जिवंत सार्डिन घेतात, जाळीच्या झोळ्यांनी भराभर टाकीत ओतत होते. आप्पा झोपायचे सोडून तिथे. "अरे, ही तारली! जिती तारली, गळाक?" आमच्याकडे तारली माणसं खातात, इथे माशांना वाढतात, यावर त्यांचं एक छोटं भाषण झालं. मला नीट ऐकता आलं नाही, मी कठडा धरून होतो.

सकाळी एके ठिकाणी केल्पचा एक सुटा पुंजका तरंगत होता, आपल्या बैठकीच्या खोलीएवढा. त्याला 'पॅडी' म्हणतात, सावलीला मासे थांबतात. कॅप्टननं इंजिन मंद केलं आणि सगळे कठड्याला. एकाच बाजूच्या. का, ते मला तेव्हा कळलं: वाऱ्यानं बोट सरकते, त्यामुळे वाऱ्याकडच्या बाजूनं टाकलं तरच दोरी बोटीपासून लांब जाते, दुसऱ्या बाजूनं टाकलेली बोटीखाली जाऊन सगळ्यांची वाट लावते.

तिथला एक डेकहँड, पोरगेलासा, आप्पांना तारली निवडायला शिकवत होता. नाक लाल झालेली नको, खवले गेलेली नको, हिरव्या पाठीची घे, आणि हात ओला करून अलगद धर. आप्पांना इंग्रजी कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. त्यांनी टाकीत हात घातला आणि एका फटक्यात अशी एक तारली काढली की पोरगा हसलाच. नाकातून आडवा गळ, हळूच सोडली. रीळ मोकळं, त्यावर अंगठा टेकवलेला. माझ्या बाजूला उभे राहून म्हणाले, "आता ती घाबारली." मी म्हटलं, कशावरून? "अंगठ्याक कळता." तोवर दोरी सूं करून सुटली.

यलोटेल. माझ्या मते पंधरा मिनिटं, आप्पांच्या मते दोन. नियम असा की मासा जाईल तिकडे आपण त्याच्या मागे कठड्यानं चालायचं, मधल्या माणसांच्या रॉडवरून-खालून. आप्पा चालतायत, पोरगा त्यांच्यापुढे "ओव्हर! अंडर!" ओरडत वाट काढतोय, आणि आप्पा प्रत्येकाला "सरा, सरा" म्हणतायत. लोक सरत होते! गॅफ (लांब दांड्याचा आकडा) मारून वर घेतला, वजन काट्यावर नाही, पण मी दोन्ही हातांनी उचलला तो.

दिवसभरात आप्पांचे तीन यलोटेल, माझा शून्य. दुपारी ब्लूफिन आले, तेव्हा मी बंकमध्ये आडवा होतो. जॅकपॉट एका बाईंना, त्यांच्या ब्लूफिनवर.

एक गाढवपणा. हिनं डब्यात केळ्याचे वेफर्स दिले होते. बोटीवर केळं म्हणजे महाअपशकुन, हे मला कुणी सांगितलं नव्हतं (पांडूभाऊ!!). गॅलीत पुडी उघडल्यावर शेजारचा माणूस असा बघायला लागला जणू मी सत्यनारायणात अंडं फोडलं. पोरग्यानं निवाडा दिला: तळलेलं केळं मेलेलं असतं, चालेल. आणि मूठभर खाल्ले.

टिप दिली, २० टक्के. खोपोलीकर, माझा एकही मासा नसताना दिली.

---

पॅसिफिक_पांडू | १४ सप्टेंबर

केळ्याचं राहिलंच, चुकी कबूल. पण 'अंगठ्याक कळता' हे शिकायला मला चार मोसम लागले होते. कापून घेतलेत ना? डोकी टाकली नाहीत ना?

---

गळकरी | १५ सप्टेंबर

ती तर खरी गंमत. परतताना पोरगा कापत होता आणि डोकी सरळ समुद्रात, सीगल तुटून पडलेले. आप्पांनी हे बघितलं आणि खुर्चीवरून उठले. मला म्हणाले, त्येका सांग, टाकू नको. मी सांगितलं. मग त्यांनी स्वतः खुणेनं इतरांकडेही मागितली. लोकांनी आनंदानं दिली. आमचे मासे तीन, घरी आलेली डोकी अकरा.

---

मालवणी_मसाला | १५ सप्टेंबर

अकरा!! तिरफळं घातलीत ना? तिकडे मिळतात?

---

गळकरी | १५ सप्टेंबर

आप्पांनी येतानाच आणली होती. चार डोक्यांचं कालवण झालं, सात फ्रीजरमध्ये. मुलांचं आइस्क्रीम शेजाऱ्यांकडे ठेवलंय. आणि परवा धक्क्यावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, ती सोळा दिवसांची बोट कितीला असते.